मुंबई बेटावरची पहिली इंग्रज वसाहत नकाशावर कशी उभी करावी (१६६१ ते १७१८)

मुंबईच्या सुरुवातीच्या इतिहासावर मराठीत लिहिणाऱ्यांची संख्या वाढते आहे, आणि ते चांगलेच आहे. पण बहुतेक लिखाण सात बेटांच्या त्याच रंगीत चित्रापासून सुरू होते, लग्नातल्या आंदणावर येते आणि दहा पौंडांवर संपते. त्या चित्रात माणसे नसतात. कोळी कुठे राहत होते, भंडाऱ्यांच्या वाड्या कोणाच्या मालकीच्या होत्या, खारजमिनीवर कोण राबत होते, दीवचा वाणी कोणत्या अटीवर मुंबईत यायला तयार झाला, हे सगळे कागदांत आहे. मात्र ते वाचायची एक पद्धत आहे. खालची कृती स्थानिक इतिहासाची मंडळे, महाविद्यालयीन विद्यार्थी आणि आपल्या वस्तीचा इतिहास लिहू पाहणारे यांच्यासाठी आहे. शेवटी हातात दोन वस्तू याव्यात: एक थरांचा नकाशा आणि एक नोंदवही.

सगळ्या कृतीमागचे सूत्र एकच आहे. ही वसाहत पाण्यावरून आणि वसुलीवरून वाचायची. पाणी कुठपर्यंत येत होते हे कळले की वस्ती कुठे असू शकत होती ते कळते. पैसा कोणाकडून, कोणत्या नावाखाली घेतला जात होता हे कळले की समाज कळतो. गव्हर्नरांची यादी पाठ करून यातले काहीच हाती लागत नाही.

लागणारे साहित्य

आजचा मुंबई शहर बेटाचा १:२५,००० प्रमाणाचा नकाशा घ्या. तो कागदावर असेल तर पाच-सहा ट्रेसिंग पेपर लागतील. संगणकावर करायचे असेल तर क्यूजीआयएस हे मोफत सॉफ्टवेअर पुरते. दुसरा नकाशा कॅप्टन थॉमस डिकिन्सन यांच्या महसूल मोजणीतला, म्हणजे १८१२ ते १८१६ च्या सुमाराचा हवा. तो आपल्या काळापेक्षा शंभर वर्षांनी नंतरचा आहे, पण रेल्वे, गिरण्या आणि मोठे भराव यांच्या आधीचा हा तपशीलवार नकाशा असल्यामुळे त्याला पर्याय नाही. १८६५ ते १८७२ ची लॉटनची मोजणी जागांच्या नावांसाठी उपयोगी पडते. किनाऱ्यासाठी ती वापरू नका, कारण तोवर किनारा पार बदललेला होता.

कागदपत्रांसाठी काळा घोड्याजवळ एल्फिन्स्टन महाविद्यालयाच्या इमारतीत महाराष्ट्राचे पुराभिलेखागार आहे. लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत इंडिया ऑफिसचे दप्तर आहे. त्यात ‘जी/३’ हा मुंबई वखारीचा, ‘जी/३६’ हा सुरत वखारीचा आणि ‘ई/३’ हा विलायतेशी झालेल्या पत्रव्यवहाराचा विभाग. सुरतेचा विभाग सोडू नका. १६८७ पर्यंत ईस्ट इंडिया कंपनीचे पश्चिम किनाऱ्यावरचे मुख्य ठाणे सुरत होते आणि मुंबईबद्दलचे निम्मे निर्णय तिथल्या कागदांत आहेत. फक्त मुंबईचे बाड चाळणाऱ्याला कारण सापडत नाही, नुसता परिणाम दिसतो. सुरुवात मात्र मूळ हस्तलिखितांपासून करू नये. वखारींच्या पत्रव्यवहाराचे १६१८ ते १६८४ पर्यंतचे सारांश छापलेले आहेत आणि १९०९-१० चे मुंबई शहराचे तीन खंडांचे गॅझेटियरही आहे. आधी त्यांतून नोंदी काढा, मग नेमक्या पानासाठी मूळ कागद मागवा. एवढे ध्यानात ठेवा की सारांश करणाऱ्या संपादकांना जे क्षुल्लक वाटले ते त्यांनी गाळले, आणि नेमके तिथेच कोळी, हमाल, ताडी काढणारे आणि गुलाम असतात.

पहिली पायरी: काळ आणि हद्द पक्की करा

पोर्तुगालशी झालेल्या २३ जून १६६१ च्या लग्नाच्या तहात इंग्लंडचा राजा दुसरा चार्ल्स याला मुंबईचे बंदर आणि बेट द्यायचे ठरले. ‘सात बेटे दिली’ असे तहात कुठेही नाही. बेट म्हणजे नेमके काय यावर पुढे कित्येक वर्षे भांडण चालले. गव्हर्नर म्हणून नेमलेला सर अब्राहम शिपमन सैन्यासह सप्टेंबर १६६२ मध्ये आला, तेव्हा पोर्तुगीज व्हाइसरॉयने ताबा नाकारला. ते सैन्य कारवारजवळच्या अंजदीव बेटावर पडून राहिले. तिथे शिपमनसह बहुतेक सगळे मेले. चारशे-पाचशेंपैकी शंभराच्या आसपास उरलेल्यांना घेऊन शिपमनचा चिटणीस हम्फ्रे कुक याने १८ फेब्रुवारी १६६५ ला ताबा घेतला, तोही पोर्तुगीजांच्या अटी मान्य करून. ताब्याचा विधी दोना इग्नेझ दि मिरांडा हिच्या वाड्यात झाला. हाच वाडा पुढे बॉम्बे कॅसलचा गाभा झाला.

हद्दीचा थर काढताना तीन वेगळे रंग वापरा. पहिला १६६५ ला निर्विवाद हाती आलेल्या जमिनीचा. दुसरा कुकने लगेच बळाने घेतलेल्या माहीमसारख्या भागाचा. तिसरा नंतर, गव्हर्नर जेराल्ड आंजियरच्या काळात ताब्यात आलेल्या कुलाबा आणि त्याच्या शेजारच्या बेटाचा. साष्टी पूर्ण कोरी सोडा. वांद्रे, ठाणे आणि उरणजवळचे करंजा त्या वेळी पोर्तुगीजांकडे होते. साष्टी १७३७ ते १७३९ च्या वसई मोहिमेत मराठ्यांकडे आली आणि इंग्रजांकडे १७७४ च्या अखेरीस गेली. वांद्र्याचे चर्च किंवा ठाण्याचा किल्ला ‘आरंभीच्या ब्रिटिश मुंबईत’ दाखवणे ही सर्रास होणारी चूक आहे, आणि तिच्यामुळे सगळा अर्थ बिघडतो. ही वसाहत कोंडलेली होती. भात आणि सरपण समोरच्या किनाऱ्यावरून यायचे, आणि ठाणे व करंजा इथल्या खाड्यांच्या तोंडाशी पोर्तुगीज जकात घ्यायचे. ही कोंडी नकाशावर दिसली पाहिजे, म्हणून ठाणे आणि करंजा या दोन ठिकाणी जकातीची खूण करा.

२७ मार्च १६६८ च्या सनदेने राजाने बेट कंपनीला दिले आणि २३ सप्टेंबर १६६८ ला कंपनीने ताबा घेतला. वर्षाला सोन्यात दहा पौंड हा नाममात्र खंड होता, तो बेट विकल्याचा भाव नव्हे. शेवटची मर्यादा म्हणून १७१८ घेणे सोयीचे आहे. त्या वर्षीच्या नाताळात सेंट थॉमस चर्च उघडले, आणि शहराचा तटही त्याच सुमारास पुरा झाला.

दुसरी पायरी: पाणी

हा सगळ्यांत महत्त्वाचा थर आहे, म्हणून त्याला वेळ द्या.

मुंबईत उधाणाची भरती सुमारे ४.४ मीटरपर्यंत चढते आणि ओहोटी ०.८ मीटरच्या आसपास उतरते. फरक साडेतीन मीटरपेक्षा जास्त. भरती-ओहोटीच्या कोष्टकातले हे आकडे समुद्राच्या सरासरी पातळीपासून मोजलेले नसतात. सरासरी पातळी स्वतः त्या कोष्टकात २.५ मीटरवर येते. म्हणजे उधाणाचे पाणी सरासरी पातळीपेक्षा जेमतेम दोन मीटर वर चढते. हे न वजा करता थेट ४.४ मीटरची समोच्च रेषा काढली तर अर्धे गिरगाव बुडवून बसाल.

दुसरी अडचण उंचीच्या आकड्यांची. उपग्रहावरून घेतलेली मोफत उंचीची माहिती दाट वस्तीत जमिनीची नसते, तिच्यात इमारतींची छपरे मिसळलेली असतात. शिवाय दोनशे वर्षांच्या भरावाने मूळ सखल भाग उचलला गेला आहे. म्हणून समोच्च रेषा ही फक्त पहिला अंदाज म्हणून पेन्सिलने काढा आणि नंतर तीन गोष्टींनी ती दुरुस्त करा. डिकिन्सनच्या नकाशावरची खारजमीन आणि बांध, आज पावसाळ्यात हमखास पाणी तुंबणारे रस्ते, आणि उमरखाडी, पायधुणी, खडक यांसारखी जागांची नावे. तीनपैकी दोन पुरावे जुळले तर रेष शाईने पक्की करा. एकच असेल तर तुटक ठेवा.

मोठे खिंडार महालक्ष्मी आणि वरळी यांच्या मधले. त्यातून समुद्र आत शिरून भायखळा, ताडदेव, कामाठीपुरा या पट्ट्यात पसरायचा. त्याशिवाय वरळी आणि माहीम यांच्या मधली, आणि धारावी-शीवकडची तोंडे दाखवा. मुंबई आणि माझगाव यांच्यामध्ये उमरखाडी. खिंडारे बुजवायचे प्रयत्न आधीपासून चालले, पण वरळीचा बांध अठराव्या शतकाच्या शेवटच्या पावात पुरा झाला. शीवचा बांध १८०५ चा, कुलाब्याचा १८३८ चा, माहीमचा १८४५ चा. यातले काहीही आपल्या काळाच्या नकाशावर येता कामा नये.

आता सात बेटांच्या चित्राबद्दल. त्या चित्रात बेटांभोवती निळे, खोल पाणी दाखवलेले असते. प्रत्यक्षात मधला बराचसा भाग ओहोटीला उघडा पडणारा चिखल, मिठागरे आणि खाजण होता. माणसे ओहोटीला पायी ये-जा करत. म्हणून मधल्या पट्ट्याला पाण्याचा रंग न देता वेगळी आडवी रेघोटी द्या आणि त्यावर मिठागर, खारीचे भात, मासेमारीचे खुंट अशा खुणा करा. हा पट्टा रिकामा नव्हता. बेटावरचे बरेच कष्ट इथेच होत होते.

इथेच एका आकड्याची कसोटी घ्या. १६७३ ते १६७५ च्या दरम्यान मुंबई पाहणारा कंपनीचा डॉक्टर जॉन फ्रायर लिहितो की समुद्राने चाळीस हजार एकर चांगली जमीन बुडवली. चाळीस हजार एकर म्हणजे जवळजवळ १६२ चौरस किलोमीटर. आजचे, भराव घालून फुगलेले शहर बेटसुद्धा सत्तर चौरस किलोमीटरच्या आत आहे. म्हणजे हा आकडा शक्यच नाही. तरी तो वर्षानुवर्षे उतरवला जातो. कोणताही क्षेत्राचा, लोकसंख्येचा किंवा उत्पन्नाचा आकडा नोंदवहीत चढवण्याआधी असा एकदा नकाशावर तोलून पाहावा.

तिसरी पायरी: इंग्रजांच्या आधीची गावे

इंग्रज रिकाम्या बेटावर उतरले नाहीत. हा थर आधी भरल्याशिवाय किल्ल्याला हात लावू नका, नाहीतर सगळी मुंबई किल्ल्यातून वाढल्यासारखी दिसते.

कोळीवाड्यांपासून सुरुवात करा: वरळी, माहीम, शीव, माझगाव, डोंगरी, कुलाबा. त्यानंतर माहीम, वरळी आणि गिरगावच्या नारळाच्या वाड्या, जिथे भंडारी ताडी काढत. मग परळ, माटुंगा आणि भायखळ्याकडची भाताची खाचरे, विहिरी आणि तळी. देवस्थानांत वाळकेश्वर आणि बाणगंगा दाखवा. मुंबादेवी आजच्या जागी दाखवू नका, जुने देऊळ आजच्या सीएसएमटी स्थानकाच्या परिसरात होते. माहीमला मखदूम अली माहिमी यांचा दर्गा आहे. ते १४३१ मध्ये वारले, म्हणजे माहीम हे पोर्तुगीजांच्याही आधीचे नांदते गाव. पोर्तुगीज चर्चमध्ये माहीमचे सेंट मायकल, दादरचे साल्व्हासांव आणि माझगावचे ग्लोरिया येतात. इमारती नंतर बदलल्या वा हलल्या, म्हणून खूण ‘इमारत’ म्हणून न करता ‘धर्मगाव’ (पॅरिश) म्हणून करा.

जमिनीच्या मालकीची वेगळी पट्टी ठेवा. माझगाव १५७२ पासून सोझा इ लिमा घराण्याकडे होते. परळ आणि आसपासची बरीच जमीन जेझुइट या कॅथलिक पाद्र्यांच्या संघाची होती. ती इंग्रजांनी १७२० च्या सुमारास काढून घेतली आणि परळच्या त्यांच्या मठाचे पुढे गव्हर्नरचे निवासस्थान झाले. वाडीचा मालक, वाडीत राबणारा आणि वाडीतून कर वसूल करणारा हे तीन वेगळे लोक असतात. नोंदवहीत त्यांना तीन वेगळे रकाने द्या.

चौथी पायरी: किल्ला आणि गाव

कॅसल म्हणजे वाड्याभोवतीचा छोटा किल्ला, आणि फोर्ट म्हणजे गावाभोवतीचा तट. दोन्हींमध्ये चाळीस-पन्नास वर्षांचे अंतर आहे. आंजियरने गावाला तट घालायची योजना केली, पण तट आणि त्याचे अपोलो, चर्च आणि बाजार हे तीन दरवाजे चार्ल्स बून गव्हर्नर असताना, म्हणजे १७१५ नंतर पुरे झाले. १६७५ च्या नकाशावर चर्चगेट दाखवणारे पुष्कळ आहेत. तेव्हा दरवाजाही नव्हता आणि चर्चही उभे राहिलेले नव्हते. तटाबाहेरचा खंदक तर आणखी नंतरचा. वसई मराठ्यांच्या हाती गेल्यावर मुंबईच्या व्यापाऱ्यांनी घाबरून त्यासाठी पैसे दिले.

बाहेरच्या चौक्यांत शीव, शिवडी, माझगाव, वरळी आणि माहीम घ्या. माझगावचा किल्ला भंडारवाड्याच्या टेकडीवर होता. धारावीचा काळा किल्ला टाळा, त्याच्यावरचा शिलालेखच १७३७ चा आहे. डोंगरीचा फोर्ट सेंट जॉर्ज १७६९ चा.

पाचवी पायरी: वसुली

इथून नोंदवही उघडते. रकाने असे ठेवा: मूळ कागदावरची तारीख, कोणते पंचांग, आजच्या पद्धतीची तारीख, ठिकाणाचे मूळ लेखन, आजचे नाव, कोणी लिहिले, कोणाबद्दल, आकडा, एकक, आणि शेवटी खात्रीची खूण अ, ब किंवा क. डोळ्यांनी पाहून लिहिलेले ते ‘अ’, ऐकून लिहिलेले ते ‘ब’, नंतरच्या काळात लिहिलेले ते ‘क’.

या काळाचा कणा म्हणजे जेराल्ड आंजियरचा करार. पोर्तुगीज आमदानीतल्या जमिनी कोणाच्या, यावर ताब्यानंतर लगेच वाद लागले. दाव्यांचे कागद अर्धे होते, अर्धे नव्हते. १ नोव्हेंबर १६७२ ला ठरलेल्या आणि १६७४ मध्ये पक्क्या झालेल्या करारात जमीनधारकांनी मिळून वर्षाला वीस हजार झेराफिन (पोर्तुगीज चांदीची नाणी) द्यायचे आणि गरज पडेल तेव्हा माणसे द्यायची, त्या बदल्यात त्यांच्या जमिनी त्यांच्याकडे राहायच्या, असे ठरले. मुंबईच्या जमिनीच्या कागदात पुढे दीडशे-दोनशे वर्षे दिसणारा ‘पेन्शन’ हा प्रकार इथून आला. तो निवृत्तिवेतन समजून वाचला तर गोंधळ होतो. त्याच्या शेजारी ‘फोरास’ ही खारीतून काढलेली, कमी खंडावर दिलेली जमीन आणि ‘टोका’ ही पिकाच्या हिश्शावर आकारणी होणारी भातजमीन, असे दोन प्रकार ठेवा. नकाशावर फोरास कुठे पडते ते पाहिले की ती जवळजवळ सगळी तुमच्या आडव्या रेघोटीच्या पट्ट्यात आलेली दिसेल. आली नाही तर पाण्याचा थर पुन्हा तपासा.

झेराफिनचे पौंड करताना आजच्या किमतीच्या भानगडीत पडू नका. त्या वेळचा हिशेब १३ झेराफिनला २२ शिलिंग ६ पेन्स असा होता, म्हणजे एका झेराफिनला सुमारे १ शिलिंग पावणेनऊ पेन्स. वीस हजार झेराफिनचे साधारण १,७३० पौंड होतात. कागदात रुपये, झेराफिन आणि पौंड एकाच पानावर येतात. एकक न लिहिता नुसता आकडा उतरवून घेतला तर नंतर तो कशाचा ते कधीच कळत नाही.

जमिनीखेरीज ताडी, अर्क, तंबाखू आणि नारळ यांवरचे कर आणि मक्ते यांची नोंद अगदी बारकाईने घ्या. भंडाऱ्यांचे नाव कागदात बहुधा ताडीच्या करामुळेच येते. आणि माडांना घालायच्या सुक्या मासळीच्या खतावर, ज्याला कागदात ‘बकशॉ’ म्हणतात, दुर्गंधी आणि रोगराईच्या भीतीने बंदी आली, तेव्हा कोळी, भंडारी आणि वाडीवाला हे तिघेही एकाच हुकमात सापडतात. असा एक हुकूम गव्हर्नरच्या दहा भाषणांपेक्षा जास्त सांगून जातो.

सहावी पायरी: माणसे

इंग्रजी लेखनातल्या जातींच्या नावांची जुळणी आधी करून ठेवा. ‘कूली’ म्हणजे बहुधा कोळी, पण पुढच्या काळात तोच शब्द हमालासाठीही येतो. धंदा पाहून ठरवा. ‘बांडारीन’ म्हणजे भंडारी. ‘कोलंबीन’ म्हणजे कुळंबी, कुणबी. ‘जेंटू’ म्हणजे कोणताही हिंदू, ‘मूर’ म्हणजे कोणताही मुसलमान, आणि ‘पोर्तुगीज’ म्हणजे पोर्तुगालहून आलेलाच असे मुळीच नाही. बेटावरचे ख्रिस्ती झालेले कोळी, भंडारी आणि कुणबीही त्या नावाखाली येतात. ‘पोर्तुगीजांनी बंड केले’ असे वाक्य आले की थांबा आणि नावे शोधा. ‘कॉफ्री’ म्हणजे आफ्रिकेतून आणलेले लोक. त्यांतले बरेच गुलाम होते, आणि ही गोष्ट मुंबईच्या गौरवगाथेतून नेहमी गळते. तिच्यासाठी वेगळा रकाना ठेवा.

इंग्रज संख्येने अगदी थोडे होते, आणि भराभर मरत होते. इथे माणसाचे आयुष्य दोन पावसाळ्यांचे, अशी म्हणच त्यांच्यात पडली होती. शिपायांनी बेटावरच्या ख्रिस्ती स्त्रियांशी लग्ने केली. मुले कॅथलिक होतात म्हणून कंपनी अस्वस्थ झाली आणि तिने विलायतेहून स्त्रिया पाठवल्या. बाप्तिस्मा, लग्न आणि दफन यांच्या इंग्रज नोंदी ‘एन/३’ या विभागात १७०९ पासून सलग मिळतात. त्याआधीच्या चाळीस वर्षांसाठी पत्रांतले उल्लेखच गोळा करावे लागतात. १६८३ च्या डिसेंबरात कॅप्टन रिचर्ड कीग्विनच्या हाताखाली शिपायांनी बेटच ताब्यात घेतले आणि जवळजवळ वर्षभर राजाच्या नावाने चालवले. त्या प्रकरणातल्या तक्रारींत पगार, धान्य आणि घरभाडे यांचा जितका तपशील आहे तितका शांततेच्या वर्षांत सापडत नाही.

व्यापाऱ्यांसाठी दीवच्या निमा पारखचा १६७७ चा करार हा सगळ्यांत उपयोगी कागद आहे. त्याला घर आणि वखारीसाठी विनामूल्य जागा, धर्म पाळायची मोकळीक, त्याच्या आवारात कोणा ख्रिस्त्याने वा मुसलमानाने राहायचे नाही आणि जनावर मारायचे नाही, पहारा देण्याची सक्ती नाही, अशा हमी मागायच्या होत्या. असा कागद उलटा वाचा. ज्याची हमी मागितली त्याची भीती होती. पोर्तुगीज मुलखात पोरक्या हिंदू मुलांना ख्रिस्ती करण्याचा कायदा होता, आणि त्या आठवणीने माणसे मुंबईत येत होती. १६७२ च्या ऑगस्टात पोर्तुगीज कायदा जाऊन इंग्रजी न्यायालय सुरू झाले आणि जातींच्या तंट्यांसाठी पंचायती नेमल्या गेल्या. त्याच सुमारास पारशांना मलबार टेकडीवर दोखम्यासाठी, म्हणजे मृतदेह ठेवायच्या बुरुजासाठी, जागा मिळाली. प्रत्येक सवलतीसमोर ती कोणाला मिळाली नाही, हेही लिहा. कोळ्यांशी आणि कुणब्यांशी असा करार करायला कोणी बसले नव्हते.

लोकसंख्येचा आलेख काढायचा मोह आवरा. १६६१ ला दहा हजार आणि १६७५ ला साठ हजार हे आकडे सगळीकडे असतात. दोन्ही एकाच फ्रायरच्या एकाच वाक्यातून आले आहेत: तो साठ हजार म्हणतो, आणि पोर्तुगीजांच्या वेळेपेक्षा पन्नास हजारांनी जास्त असेही म्हणतो. दहा हजार ही वजाबाकी आहे, मोजणी नव्हे. १७१८ च्या सुमारास पाद्री रिचर्ड कॉब सोळा हजार म्हणतो. मध्ये सिद्दीशी झालेले १६८९-९० चे युद्ध आणि पटकी-प्लेगाची वर्षे गेली हे खरे, पण दोघांनी एकच हद्द धरली होती का, माहीम-परळ मोजले होते का, हे ठरवता येत नाही. तिन्ही आकडे ‘ब’ खुणेने लिहा आणि त्यांना रेषेने जोडू नका.

तारखांची दुरुस्ती

पोर्तुगीज १५८२ पासून नवे, ग्रेगोरियन पंचांग वापरत होते. इंग्रज १७५२ पर्यंत जुनेच. फरक १७०० च्या फेब्रुवारीअखेरपर्यंत दहा दिवसांचा, नंतर अकरा. शिवाय इंग्रजांचे वर्ष २५ मार्चला बदलायचे. म्हणून पोर्तुगीज तारखेप्रमाणे १८ फेब्रुवारी १६६५ ला झालेला ताबा इंग्रजी हिशेबात ८ फेब्रुवारी १६६४ ला येतो. हे न कळल्याने एकाच घटनेच्या दोन नोंदी होतात, किंवा उत्तर पत्राआधी पोहोचते.

मराठी साधनांशी ताळा घालताना ही गोष्ट विशेष जपायची. शिवराज्याभिषेकाची ६ जून १६७४ ही रूढ तारीख जुन्या पंचांगाची आहे, नव्या पंचांगाप्रमाणे तो दिवस १६ जून. त्या सोहळ्याला मुंबईहून गेलेल्या कंपनीच्या वकिलाच्या, हेन्री ऑक्सेंडेनच्या, नोंदीही जुन्याच पंचांगात आहेत, म्हणून तिथे दुरुस्ती करायची गरज नाही. पण त्याच आठवड्याचा गोव्याचा कागद शेजारी ठेवला तर दहा दिवस वजा करावे लागतील. १६७९ च्या खांदेरीच्या लढाईचा दिवसवार तक्ता करताना मराठी, इंग्रजी आणि पोर्तुगीज अशी तीन साधने एकत्र येतात. तिथे तर हे आधी केल्याशिवाय पुढे जाऊच नये. इंग्रजी कागदात ही दोन बेटे ‘हेनेरी-केनेरी’ म्हणून येतात, पहिले उंदेरी, दुसरे खांदेरी.

नकाशाची परीक्षा

सगळे थर तयार झाले की १६८९ चा जंजिऱ्याच्या सिद्दी याकूतचा हल्ला त्यावर चालवून पाहा. फेब्रुवारीत, म्हणजे इंग्रजी कागदांत अजून १६८८ चालू असताना, सिद्दीची फौज रात्री शिवडीला उतरली. तिथली शिबंदी पळाली. पाठोपाठ माझगावचा किल्ला सोडला गेला, आणि फौज थेट कॅसलसमोर येऊन बसली. वेढा १६९० च्या जूनपर्यंत चालला.

आता तुमच्या नकाशावर शिवडीहून माझगाव आणि तिथून डोंगरीवरून कॅसलपर्यंत बोट फिरवा. वाटेत खोल पाणी लागत असेल तर पाण्याचा थर चुकला आहे. बहुधा परळ आणि माझगावमधल्या खाजणाला तुम्ही समुद्र केले असेल. वाटेत तट आडवा येत असेल तर बूनचा तट चुकून आधीच्या थरात शिरला आहे. फौजेला धान्य आणि पाणी कुठून मिळाले याचे उत्तर नकाशावरून देता येत नसेल तर तिसऱ्या पायरीतल्या विहिरी, तळी आणि भातखाचरे भरायची राहिली आहेत. याच वेढ्यात जेझुइटांनी सिद्दीला मदत केल्याचा आरोप इंग्रजांनी केला. मालकीच्या पट्टीवर परळची जमीन त्यांची दिसत असेल, तर तो आरोप त्याच ठिकाणी का आला आणि पुढे ती जमीन का गेली, हे समजायला कठीण जात नाही.

जागेवर जाऊन पडताळा घ्यायचा असेल तर उधाणाच्या ओहोटीचा दिवस निवडा आणि वरळी कोळीवाड्यापासून सुरुवात करा, तिथून समोर माहीमची खाडी आणि वांद्र्याचा किनारा एकदम दिसतो. शिवडी आणि शीवचे किल्ले चढून आत जाता येते. कॅसलचा उरलेला भाग नौदलाच्या ‘आय.एन.एस. आंग्रे’ या तळाच्या आत आहे. तिथे परवानगीशिवाय प्रवेश नाही आणि बाहेरूनही फोटो काढू नयेत. कोळीवाड्यांत वयस्कर माणसांकडून जुन्या खाड्यांची आणि बंदरांची नावे विचारून घ्या, सांगणाऱ्याची परवानगी घेऊनच ती लिहा, आणि नोंदवहीत त्या नोंदींना ‘क’ खूण करून, कागदांच्या नोंदींत न मिसळता, वेगळ्या पानावर ठेवा.